कृत्रिम रेतनाने गायी वांझ होतात, या दाव्याविषयी

रत्नागिरी-सिंधुदुर्गातल्या पशुपालकांच्या मोबाईलवर एक संदेश फिरतो आहे. कृत्रिम रेतनात हार्मोन टोचतात, त्यामुळे गर्भाशय बिघडून गाय वारंवार उलटते, म्हणजे गाभण न राहता पुन्हा माजावर येते, आणि शेवटी वांझ होते. गावात वळू होता तेव्हा एकही गाय रिकामी राहत नसे, असे त्यात म्हटले आहे.

हार्मोनचा आरोप साफ चुकीचा आहे. द्रव नायट्रोजनमध्ये उणे १९६ अंश सेल्सिअसला ठेवलेल्या, रेतनासाठी वापरायच्या बारीक नळीत म्हणजे कांडीत वळूचे वीर्य आणि ते टिकवणारे द्रावण एवढेच असते. माजावर न येणाऱ्या गाईला पशुवैद्य कधी हार्मोन देतात, पण तो निराळा उपचार आहे.

गायी उलटतात, ही तक्रार मात्र खरी आहे. तिचे कारण संदेशाने चुकीच्या जागी शोधले आहे. गाय साधारण २१ दिवसांनी माजावर येते, माज जेमतेम १२ ते १८ तास टिकतो आणि स्त्रीबीज माज संपल्यावर १० ते १२ तासांनी सुटते. म्हणूनच सकाळी माज दिसला तर संध्याकाळी आणि संध्याकाळी दिसला तर दुसऱ्या सकाळी रेतन करावे लागते. भातकापणीनंतर गुरे मोकळी चरत तेव्हा माज ओळखण्याचे काम वळूच करी आणि वेळही तोच साधी. आज एकट्यादुकट्या गाईबाबत ते काम मालकावर आले आहे, आणि पावसाळ्यात अंधाऱ्या गोठ्यात बांधलेल्या गाईचा रात्रीचा किंवा मुका, म्हणजे बाहेरून लक्षणे न दिसणारा, माज कोणाच्या नजरेस पडणार? शिवाय वेळ अचूक साधली तरी पहिल्याच रेतनात सगळ्या गायी गाभण राहत नाहीत, त्यामुळे एकदा उलटली म्हणजे बिघडली असे ठरत नाही.

दुसरे कारण खाण्यात आहे. मुसळधार पावसाने धुपणाऱ्या इथल्या आम्लधर्मी जांभ्या जमिनीत स्फुरद (फॉस्फरस) कमी आणि वैरण मुख्यतः भाताचा पेंढा. अशा आहारावरच्या गाईचा माज लांबतो, मग तिला वळू दाखवा की कांडी भरा. रोज ५० ग्रॅमच्या आसपास खनिज मिश्रण आणि थोडी हिरवी वैरण, ही तजवीज आधी हवी.

वळूच्या आठवणीत एक बाजू सुटते. गावभर फिरणारा तपासणी न झालेला वळू ट्रायकोमोनियासिस किंवा व्हिब्रिओसिससारखे रोग एका गाईकडून दुसरीकडे नेतो, आणि गायी उलटण्याचे व गाभडण्याचे तेही एक कारण आहे. वीर्यकेंद्रावरच्या वळूंची अशा रोगांसाठी नियमित तपासणी होते.

संदेशाने न मांडलेली, पण रास्त असलेली शंका दोन ठिकाणी आहे. अस्वच्छ किंवा अकुशल हाताने रेतन केले तर गर्भाशयाला संसर्ग होऊ शकतो. आणि कोकण कपिलासारख्या लहान चणीच्या गाईला, त्यातही पहिलटकर कालवडीला, होल्स्टीन या मोठ्या चणीच्या विदेशी जातीची कांडी भरली तर विताना वासरू अडण्याचा धोका वाढतो. कोकण कपिला ही नोंदणीकृत स्वतंत्र जात आहे. तिच्यासाठी तिच्याच जातीच्या वळूची कांडी मागावी, आणि रेतनानंतर माज आला नाही म्हणून गाभण न समजता दोन-तीन महिन्यांनी तपासणी करून घ्यावी.