न्येगोशची प्रेयसी नाही हो, कवयित्री होती ती

"सर्बियाची पहिली कवयित्री, खेड्यातली अडाणी पोर, मॉन्टेनेग्रोचा राजा न्येगोश तिच्या प्रेमात पडला, लग्न झालं नाही म्हणून बिचारी झुरून मेली." मिलित्सा स्तोयादिनोविचवरचा हा मेसेज आतापर्यंत तीन ग्रुपवर आलाय, त्यामुळे आता लिहितेच.

पहिली नाही. एउस्ताहिया आर्सिचचं पुस्तक १८१४ लाच छापलं होतं. आणि त्याच्याही कितीतरी आधी, १४०२ मध्ये येफिमिया नावाच्या जोगिणीनं कोसोवोच्या लढाईत गेलेल्या लाझार राजाची स्तुती तांबड्या रेशमावर सोनेरी तारेनं भरली होती, शब्द न् शब्द सुईनं! गंमत म्हणजे त्या लाझारचे अवशेष मिलित्साच्या काळात व्रद्निकच्या मठात होते, तेच व्रद्निक जिथे तिचे वडील पाद्री होते. गाव तेव्हा ऑस्ट्रियन साम्राज्यात बरं का, सर्बियात नाही. नावापुढे लावलेलं 'स्रप्किन्या' हे काही आडनाव नाही, त्याचा अर्थच सर्ब बाई.

अडाणी तर मुळीच नाही. जर्मन यायचं, सर्बियन भाषा आणि लोकगीतांचा अभ्यासक वुक कराजिच, त्याच्यासाठी लोकगीतं गोळा करायची, त्याच्याशी पत्रव्यवहार होता. शिवाय डायरी लिहिली, 'फ्रुश्का गोरात १८५४' (फ्रुश्का गोरा म्हणजे तिच्या गावाकडचा डोंगर), ज्यात घरातली कामं, डोंगर, पत्रं, कविता सगळं एकाच पानात नांदतं. मला तर तिच्या कवितांपेक्षा डायरीच जास्त आवडते, देशभक्तीच्या कविता आज जरा जड जातात. तीन भागात छापली, १८६१, १८६२ आणि तिसरा भाग यायला १८६६ उजाडलं.

आता न्येगोश. तो व्लादिका होता, म्हणजे राज्य करणारा बिशप, लग्नाचा प्रश्नच नव्हता. "मी साधू नसतो तर मॉन्टेनेग्रोला राणी मिळाली असती" असं तो म्हणाला म्हणे, पण ते सांगोवांगी, आणि म्हणाला असला तरी ते त्याचं बोलणं झालं, तिचं झुरणं कुठून आलं? तो १८५१ ला गेला, ती १८७८ ला. मधली सत्तावीस वर्षं झुरत होती का?

गरिबीत, एकटी, बेलग्रेडमध्ये गेली हे मात्र खरंय. तिच्या पाठीशी असलेल्या सर्बियाच्या प्रिन्स मिहाइलोचा १८६८ ला खून झाला. तरी पुढच्याच वर्षी तिसरा कवितासंग्रह काढला बाईनं, तो मेसेजमध्ये कुठेच नाही.