जिलबी, मठ्ठा आणि पॅकेट

नेटवर्किंगच्या परीक्षेत ‘क्वालिटी ऑफ सर्व्हिस’ (क्यूओएस), म्हणजे लाइनवर गर्दी झाली की आधी कुणाला सोडायचं याचे नियम, ऑप्शनला टाकायचं, ही आमच्या ऑफिसातली जुनी परंपरा. मीही ती निष्ठेनं पाळली. पण नाशिकच्या शाखेतून बोलणाऱ्या सरांचा आवाज हंड्यात तोंड घातल्यासारखा येऊ लागला आणि फर्मान निघालं, “तू जरा क्यूओएस बघून घे.”

बघू कुठे? पहिल्या व्हिडिओत महामार्ग, तुंबलेल्या गाड्या आणि मागून ॲम्ब्युलन्स. पॅकेट म्हणजे नेटवर्कवरून जाणारा डेटाचा छोटा तुकडा; आवाजाचं पॅकेट म्हणजे ॲम्ब्युलन्स. बरं. दुसऱ्यात ॲम्ब्युलन्स. तिसऱ्यातही. पाचव्यात अग्निशामक बंब आला, तेव्हा मला गहिवरून आलं.

मग थेट मुळालाच हात घातला. आरएफसी २४७४, म्हणजे इंटरनेटच्या नियमांचा एक दस्तऐवज, साल १९९८. पॅकेटच्या कपाळी सहा बिटांचा टिळा लावतात, तो डीएससीपी. एकूण टिळे ६४, आवाजाचा मानाचा ४६. इथवर जमलं. पुढे एएफ ४१ नावाच्या टिळ्याचा एक गृहस्थ भेटला. त्याचा खरा आकडा ४१ नाहीच, ३४! आठ चोक बत्तीस आणि वर दोन. आणि गर्दी झाली की त्याच्याआधी बळी जातो एएफ ४३. पोलिसिंग आणि शेपिंगपाशी मी पीडीएफ मिटली.

रविवारी मावसबहिणीचं लग्न. पंगतीत म्हटलं, “अजून दोन जिलब्या.” वाढपी न थांबता म्हणाला, “माणशी दोनच!” मागोमाग मठ्ठेवाला. “काका, पुढच्या फेरीला आणतो हं.”

माझा घास हातातच राहिला. जास्तीचं सरळ नाकारलं, ते पोलिसिंग. थांबवून सावकाश दिलं, ते शेपिंग. मठ्ठ्यासारखं ई-मेल उशिरा आलं तरी चालतं, आवाजाला मात्र १५० मिलिसेकंदांत पोचावं लागतं. म्हणून त्याची वेगळी पंगत, वरपक्षासारखी. पण त्या पंगतीलाही मर्यादा लागते. इथे कुणी घातली नव्हती, त्यामुळे मुलीकडचे आम्ही शेवटी वरणभातावर उठलो. क्यूओएसनं एकही जिलबी वाढत नाही हो, कुणी ताटकळायचं तेवढं ठरतं!

सोमवारी सकाळी शोधलं, तर ऐन कॉलच्या वेळी बॅकअप सुरू होऊन सगळी लाइन खात होता. त्याला मागच्या पंगतीत बसवलं, आवाजाला ४६चा टिळा लावला. सरांचा शब्द न् शब्द खणखणीत ऐकू आला.

“छान. आता मल्टिकास्ट बघून घे.”