'भूगोल हेच नशीब' म्हणणाऱ्या संदेशाला उत्तर

'भूगोल हेच नशीब' या मथळ्याचा एक लांबलचक संदेश सध्या सोलापुरातल्या नातेवाइकांच्या, शाळासोबत्यांच्या आणि सोसायट्यांच्या व्हॉट्सॲप गटांतून फिरतो आहे. असे संदेश वाचून सोडून द्यावेत, हे मलाही कळते. परंतु स्पर्धा परीक्षेची तयारी करणाऱ्या माझ्या भाचीने सरावाच्या निबंधात त्यातली वाक्ये जशीच्या तशी उतरवली, शिकवणीत त्या निबंधाला 'उत्तम' असा शेरा मिळाला, आणि "मामा, यात चुकीचे काय आहे?" असे तिने मला विचारले, तेव्हा गप्प बसणे मला जमले नाही. हे उत्तर तिच्यासाठी आहे, आणि तो संदेश घरच्या गटावर पाठवणाऱ्या वडीलधाऱ्यांसाठीही आहे.

संदेशाचे म्हणणे थोडक्यात असे. थंड हवेतली माणसे मेहनती आणि उष्ण हवेतली आळशी असतात, म्हणून युरोप श्रीमंत आणि आपला शेजार गरीब राहिला. बांगलादेश दरवर्षी पुरात बुडतो, म्हणून तो कायम गरीबच राहणार. नेपाळ आणि भूतान यांना समुद्र नाही, म्हणून त्यांची वाढ खुंटली. श्रीलंकेला निसर्गाने सगळे आयते दिले, म्हणून तिथले लोक सुस्तावले आणि देशाचे दिवाळे निघाले. पाकिस्तान वाळवंटी आहे, म्हणून तिथली माणसे तापट. आणि शेवटी, सोलापूर पर्जन्यछायेत आहे, म्हणून इथल्या मुलांच्या नशिबी पुण्या-मुंबईची वाट धरणेच आले.

आळशीपणाचा मुद्दा सर्वांत जुना आहे आणि सर्वांत अपमानकारकही आहे. ॲरिस्टॉटलने लिहून ठेवले आहे की थंड प्रदेशातल्या युरोपीय लोकांत धाडस असते पण बुद्धी आणि कौशल्य कमी असते, आशियातल्या लोकांत बुद्धी असते पण धाडस नसते, आणि दोन्ही गुण मधल्या हवामानातल्या ग्रीकांत एकत्र आले आहेत. चौदाव्या शतकात उत्तर आफ्रिकेतल्या इब्न खल्दूनने अतिथंड आणि अतिउष्ण असे दोन्ही पट्टे मागासलेले ठरवून मधल्या पट्ट्याला श्रेष्ठत्व दिले, आणि तो मधला पट्टा अर्थातच त्याच्या ओळखीचा होता. अठराव्या शतकात माँतेस्क्यूने थंड हवेला उत्साहाचे माहेर ठरवले, कारण तो फ्रान्समध्ये बसून लिहीत होता. प्रत्येकाने आपल्या दारातली हवा सर्वोत्तम मानली, यापलीकडे या सिद्धांताला आधार नाही. ज्या थंड प्रदेशाला ॲरिस्टॉटलने अडाणी ठरवले, तोच पुढे श्रीमंत झाला, आणि या अवधीत तिथले हवामान काही उलटेपालटे झाले नव्हते. आपल्याच शेजारी विषुववृत्ताला टेकलेले मालदीव आहे. तिथे 1972 पासून पर्यटनाचा व्यवसाय उभा राहिला आणि आज त्या देशाचे दरडोई उत्पन्न भारताच्या कित्येक पट आहे. तिथली उष्णता मात्र जशीच्या तशी आहे.

ज्यांना उष्णतेने माणूस आळशी होतो असे मनापासून वाटते, त्यांनी ऐन वैशाखात दुपारी दोन वाजता आपल्या शहराच्या पूर्व भागातल्या एखाद्या यंत्रमागाच्या शेडमध्ये अर्धा तास उभे राहावे. वरचा पत्रा तापलेला असतो. कोरड्या हवेत सुती धागा सारखा तुटतो, म्हणून खिडक्या बंद ठेवून जमिनीवर पाणी मारलेले असते, आणि त्या कोंदट वाफेत कामगार एकाच वेळी अनेक माग सांभाळत असतो. धागा तुटला की माग थांबवायचा, टोक शोधायचे, गाठ मारायची आणि माग पुन्हा चालू करायचा, तोवर शेजारच्या मागावरचा धागा तुटलेला असतो. ज्या घरात चार पिढ्या चादरी आणि टॉवेल विणले गेले, त्याच घराच्या गटावर 'उष्ण प्रदेशातली माणसे आळशी' हे वाक्य पुढे पाठवले जाते, याचा मला संताप येतो.

या मुद्द्यातला अर्धा खरा भाग मान्य करावाच लागेल. उष्णतेने शरीर थकते आणि काम कमी होते. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या 2019 च्या अहवालात असा अंदाज आहे की 2030 पर्यंत उष्णतेच्या ताणामुळे जगातले सुमारे 2.2 टक्के कामाचे तास वाया जातील, आणि त्याचा मोठा वाटा दक्षिण आशियाच्या माथी येईल. पण ही थकव्याची गोष्ट झाली. तिच्यावर सावली, पाणी, पाळीच्या वेळा आणि मजुरी यांचा विचार करता येतो. आळस हा स्वभाव ठरवला की यातले काहीच करायची गरज उरत नाही, आणि माझी खरी तक्रार तीच आहे.

भाचीने निबंधात बांगलादेशाचे वाक्य घेतले होते, म्हणून त्याबद्दल सविस्तर लिहितो.

गंगा, ब्रह्मपुत्रा आणि मेघना यांच्या गाळाने तो देश घडला आहे, तिथे जमीन सखल आहे आणि पूर येतात, हे खरेच आहे. 1988 आणि 1998 मध्ये निम्म्याहून अधिक देश पाण्याखाली होता. पण पूर आणि गरिबी यांच्यामध्ये संदेशलेखकाने जो सरळ बाण काढला आहे, तो 1974 च्या दुष्काळाने केव्हाच खोटा ठरवला आहे. त्या वर्षी ब्रह्मपुत्रेला मोठे पूर आले आणि पाठोपाठ दुष्काळ पडला. सरकारी आकडा सुमारे 26 हजार मृत्यूंचा आहे आणि इतर अंदाज त्याच्या अनेक पट आहेत. पुराने पीक गेले, अन्न संपले, माणसे मेली, असा सरळ हिशेब कोणीही करील. अमर्त्य सेन यांनी आकडेवारी तपासली तेव्हा वेगळेच दिसले: 1971 ते 1975 या काळात देशात दरडोई धान्य सर्वांत जास्त उपलब्ध होते ते 1974 मध्येच. पुरात बुडालेल्या अमन भाताची कापणी व्हायची होती वर्षाच्या अखेरीस, आणि उपासमार शिगेला पोचली ती त्याआधीच. पुरामुळे शेतावरची मजुरी बुडाली, भात कमी येणार या भीतीने तांदळाचे भाव भडकले, आणि भूमिहीन मजुराच्या रोजंदारीत घरापुरता तांदूळ येईना. त्यातच बांगलादेशाने क्युबाला ताग विकल्याचे कारण काढून अमेरिकेने धान्याची मदत रोखून धरली. पाणी निसर्गाने आणले होते, हे कबूल. पण मजुराच्या हातातला पैसा, बाजारातला भाव आणि बंदरावर न आलेले जहाज यांचा हिशेब निसर्गाच्या नावावर कसा मांडणार?

पुढचा इतिहास संदेशलेखकाला माहीत असता तर त्याने 'कायम' हा शब्द वापरला नसता. नोव्हेंबर 1970 च्या चक्रीवादळात त्या किनाऱ्यावर किमान तीन लाख माणसे गेली. 1991 मध्ये सुमारे एक लाख अडतीस हजार गेली. 2007 चे 'सिद्र' वादळही अतितीव्र होते, तरी मृतांची संख्या साडेतीन हजारांच्या आत राहिली. किनारा तोच होता आणि समुद्रही तोच होता. मधल्या काळात 1972 पासून सावधगिरीचा कार्यक्रम उभा राहिला होता, गावोगावी स्वयंसेवक ध्वनिक्षेपक घेऊन फिरत होते, आणि उंच खांबांवर बांधलेल्या निवाऱ्यांत लोक वेळेत पोचत होते. साडेतीन हजार हाही भयंकर आकडा आहे, पण 'पुरापुढे इलाज नाही' हे म्हणणे त्यापुढे टिकत नाही.

शेतीचेही तेच. पुराच्या हंगामातल्या भातावर विसंबून न राहता तिथल्या शेतकऱ्याने कूपनलिकेच्या पाण्यावर कोरड्या हंगामात बोरो भात घ्यायला सुरुवात केली, आणि आज देशातला निम्म्याहून अधिक तांदूळ त्या हंगामात पिकतो. लोकसंख्या सात कोटींवरून सतरा कोटींच्या घरात गेली, पण तांदळाचे उत्पादन तिपटीहून अधिक वाढले. गोपालगंज, पिरोजपूरकडच्या पाणथळ भागात जलपर्णीचे तराफे रचून त्यांवर भाजीपाला घेतात, ती पद्धत तर फार जुनी आहे.

सोलापूरकरांनी विशेष लक्ष द्यावे अशी गोष्ट कापडाची आहे. बांगलादेशात कापूस जवळजवळ पिकतच नाही. तरीही तयार कपड्यांच्या निर्यातीत तो देश चीनच्या खालोखाल पोचला आणि त्याच्या एकूण निर्यातीत कपड्यांचा वाटा ऐंशी टक्क्यांच्या वर गेला. 1979 मध्ये 'देश गारमेंट्स' या कंपनीने दक्षिण कोरियाच्या 'देवू'शी करार करून सुमारे 130 जणांना तिकडे शिकायला पाठवले, कोणत्या देशाकडून किती कपडे घ्यायचे याची मर्यादा ठरवणाऱ्या श्रीमंत देशांच्या कोटा पद्धतीत नव्या देशांना जागा मिळाली, आणि गावांतून आलेल्या लाखो स्त्रिया शिलाई यंत्रावर बसल्या. त्या स्त्रियांची मजुरी कमी होती आणि अजूनही कमी आहे, हेही सांगितले पाहिजे. उलट भूगोलाने खरोखर त्यांच्या पदरात टाकले होते ते तागाचे पीक. पण ताग पूर्व बंगालात पिकायचा आणि गिरण्या हुगळीकाठी होत्या, त्यामुळे 1947 च्या फाळणीत पीक एका देशात आणि सगळ्या गिरण्या दुसऱ्या देशात गेल्या. ज्याला सरासरी आयुर्मानात भारताच्या थोडे पुढे आणि दरडोई उत्पन्नात जवळपास बरोबरीने उभा असलेला हा देश 'कायम गरीब' वाटतो, त्याने आधी पुस्तक उघडावे.

नेपाळ-भूतानच्या मुद्द्यात तथ्य आहे, हे मी नाइलाजाने का होईना, मान्य करतो. समुद्र नसलेल्या देशाला प्रत्येक डबा दुसऱ्याच्या बंदरातून आणावा लागतो. नेपाळचा माल कोलकात्याहून येतो, आणि 2015 मध्ये सीमेवरची वाहतूक अडली तेव्हा काठमांडूत स्वयंपाकाचा गॅससुद्धा मिळेनासा झाला. पण मग या दोघांत फरक का? दोन्ही हिमालयात, दोन्ही समुद्रापासून दूर, तरी भूतानचे दरडोई उत्पन्न नेपाळच्या दुपटीहून अधिक आहे. भूतानने भारताच्या पैशाने चुखाचा 336 मेगावॉटचा जलविद्युत प्रकल्प उभारला आणि 1980 च्या दशकापासून वीज विकायला सुरुवात केली. तितक्याच वेगाने उतरणाऱ्या नद्या असूनही नेपाळमध्ये हिवाळ्यात दिवसाला सोळा-सोळा तास भारनियमन असे. 2016 नंतर ते संपले आणि आता पावसाळ्यात तोही देश भारताला वीज विकतो. भूतानची लोकसंख्या दहा लाखांच्याही आत आहे, हा फरक अर्थात मोठा आहे. पण लोकसंख्या, करार आणि गुंतवणूक या गोष्टी डोंगर ठरवत नाही. नेपाळची तराई, म्हणजे डोंगरांच्या पायथ्याचा सखल पट्टा, तर 1950 च्या दशकापर्यंत हिवतापाचे माहेरघर होती आणि थारू समाज सोडला तर तिथे फारसे कोणी टिकत नसे. डासांवर फवारणी झाली आणि डोंगरातले लोक खाली उतरले.

श्रीलंकेला सगळे आयते मिळाले, हे म्हणणे तिचा इतिहास न वाचता केलेले आहे. तिथली जुनी राजधानी अनुराधपूर आणि नंतरची पोलोन्नरुव ही दोन्ही नगरे बेटाच्या कोरड्या भागात वसली, पावसाच्या हिरव्या भागात नव्हे, आणि ती तलावांवर जगली. बाराव्या शतकातल्या पराक्रमबाहूचा 'पराक्रम समुद्र' आजही शेतीला पाणी देतो. चहाही आयता मिळालेला नाही. कँडीच्या डोंगरांत आधी कॉफीचे मळे होते. 1869 पासून पानांवरच्या तांबेरा रोगाने ते नष्ट झाले, मग चहा लावला गेला, आणि तो खुडायला तमिळ मजूर समुद्रापलीकडून आणले गेले. 2022 च्या दिवाळखोरीमागे विदेशी कर्ज, करकपात, कोसळलेले पर्यटन आणि 2021 मध्ये एका फटक्यात केलेली रासायनिक खतांची बंदी होती. यात लोकांची सुस्ती कुठे बसवायची, ते संदेशलेखकालाच ठाऊक.

पाकिस्तानच्या तापटपणावर दोन वाक्ये पुरेत. तिथली बहुतेक लोकसंख्या सिंधू आणि तिच्या उपनद्यांच्या कालव्यांनी भिजणाऱ्या मैदानात राहते, आणि थरचे वाळवंट तर सीमेच्या अलीकडे आपल्या राजस्थानात अधिक पसरलेले आहे. वाळूने स्वभाव ठरत असेल, तर जैसलमेरच्या माणसाबद्दलही तेच म्हणावे लागेल.

आता आपल्या गावाचे. सह्याद्री पाऊस अडवतो आणि आपल्या वाट्याला वर्षाला साडेपाचशे मिलिमीटरच्या आसपास येतो, हे कोणी नाकारत नाही. परतीच्या पावसाची ओल काळ्या रानात धरून ठेवून त्यावर शाळू काढण्याचे शास्त्र मंगळवेढ्याच्या शेतकऱ्याने याच टंचाईतून घडवले, आणि इथे भूगोलाचा वाटा मी आनंदाने मान्य करतो. पण कापड? कापडगिरणीला दमट हवा लागते, हे शाळेच्या पुस्तकात लँकेशायरच्या धड्यात असते. त्या नियमाने सोलापुरात गिरणी निघायलाच नको होती. ती 1877 मध्ये निघाली, कारण रेल्वे आली होती, कापसाचा मुलूख जवळ होता, दुष्काळामुळे मजूर स्वस्त झाले होते, आणि तेलंगणातून आलेले पद्मशाली विणकर इथे स्थिरावत होते.

आणि आज याच पर्जन्यछायेतल्या जिल्ह्यात उसाचे एवढे कारखाने आहेत की साखरेच्या बाबतीत राज्यात आपले नाव पुढे असते. तो ऊस इथल्या पावसावर वाढत नाही. भीमेला घाटमाथ्यावरून आलेले पाणी 1980 मध्ये पूर्ण झालेल्या उजनी धरणात अडते आणि कालव्यांतून उसाच्या शेतात जाते. त्याच धरणातून सुमारे शंभर किलोमीटरवरच्या आपल्या शहराला पिण्याचे पाणी मिळते, आणि धरण काठोकाठ भरलेल्या वर्षीही इथल्या नळांना वर्षानुवर्षे चार-चार, पाच-पाच दिवसांआड पाणी आलेले आहे. भाचीने निबंध पुन्हा लिहायला घेतला तर तिने याची कारणे शोधावीत. ती पावसाच्या नकाशात सापडणार नाहीत; जलवाहिनीची क्षमता, साठवणीच्या टाक्या आणि उन्हाळी आवर्तनात कोणाला किती पाणी सोडले याची नोंद, ही तीन कागदपत्रे तिने मागवावीत.