‘चकमकफेम’ होऊ इच्छिणाऱ्यांसाठी

अंगावर वर्दी आली, तरी नावामागे ‘चकमकफेम’ ही उपाधी अजून लागत नाही म्हणून आपण खिन्न असाल, तर प्रथम पिस्तूल बाजूला ठेवून लेखणी उचलावी. गोळी कोणालाही झाडता येते, फिर्याद लिहिता यावी लागते. गोपनीय बातमीदारामार्फत खात्रीलायक बातमी मिळावी, सापळा रचावा, शरण येण्यास बजावावे, त्यावर सदर इसमाने कमरेचे पिस्तूल काढून पथकाच्या दिशेने गोळी झाडावी, ती कोणालाही प्राणघातक लागू नये, आणि मग नाइलाजास्तव, स्वसंरक्षणार्थ, आपला नेम अचूक ठरावा. मजकूर एकदा बसला की पुढे केवळ मयताचे नाव बदलावे लागते.

मात्र सदर इसमास उचलण्यापूर्वी त्याच्या घरात कोणी वकील नाही ना, याची खातरजमा अवश्य करावी. ११ नोव्हेंबर २००६ रोजी रामनारायण गुप्ता ऊर्फ लखनभैया याला वाशीहून उचलले, तेव्हा ही दक्षता राहून गेली. तो ठार झाला ती वर्सोव्यातील चकमक रात्री आठनंतरची, आणि वकील भावाने वरिष्ठांना तारा व फॅक्स धाडले ते त्याआधीच! टपालाचा शिक्का उलटतपासणीत फुटत नाही. जुलै २०१३ मध्ये सत्र न्यायालयाने तेरा पोलिसांसह एकवीस जणांना दोषी ठरवले आणि त्याच महिन्यात देशातील तारसेवा बंद झाली. थोडा उशीरच झाला म्हणायचा. या प्रकरणात सुपारीचा आरोप होता, तेव्हा व्यवहार केल्यास तो रोखीत करावा, हे सांगणे न लगे. शासन आपल्या माणसांना विसरत नाही. २०१५ साली अकरा पोलिसांची शिक्षा स्थगित झाली होती, परंतु न्यायालयाला ते रुचले नाही. २०१३ च्या निकालात सुटलेल्या ‘चकमकफेम’ पोलीस अधिकारी प्रदीप शर्मांनाही २०२४ साली उच्च न्यायालयाने जन्मठेप दिली, त्यावर त्यांनी सर्वोच्च न्यायालयात दाद मागितली. लखनभैयासोबत उचललेला साक्षीदार मात्र साक्षीला काही दिवस उरले असताना, मार्च २०११ मध्ये बेपत्ता झाला; पुढे त्याचा मृतदेहच सापडला.

२३ सप्टेंबर २०१४ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने चकमकीनंतर लगोलग बढती वा शौर्यपदक देऊ नये असे बजावले आहे, पण बॅनरविषयी त्यात अवाक्षर नाही. बरोबर दहा वर्षांनी, त्याच तारखेला, बदलापूरच्या शाळेतील चिमुकल्यांवरील अत्याचार प्रकरणातील आरोपी मुंब्र्याजवळ पोलिसांच्या गाडीत डोक्याला गोळी लागून ठार झाला, आणि मुंबईत नेत्याच्या हाती शस्त्र व शेजारी ‘बदला पुरा’ एवढेच शब्द असलेले बॅनर लागले. जानेवारी २०२५ मध्ये दंडाधिकाऱ्यांच्या अहवालाने पाच पोलिसांवर ठपका ठेवला. त्या अहवालाचा बॅनर कोणी लावल्याचे पाहण्यात नाही.