घाट आपला, झाडं युरोपातली

अरे किती वेळा तेच तेच! मॉडेल रेल्वेच्या एचओ स्केलमध्ये, म्हणजे खऱ्याच्या १:८७ मापात, बोरघाट करायला घेतलाय, ३७ ला १ चा चढ, मागून गाडी ढकलणारी बँकर इंजिनं, सगळं, आणि सीनरीचं पाकीट फोडावं तर आत काय, ख्रिसमस ट्री! घाटातल्या मंकी हिलला पाइनचं जंगल कधी उगवलं? करवंदीच्या जाळ्या कुठायत? दगडांचे साचे घ्या, तेही आल्प्सचे, टोकदार नि पांढुरके. आपला सह्याद्री काळा बेसॉल्ट आहे हो, थरावर थर, पायऱ्यापायऱ्यांचा!

मग बसा थर्माकोल कापत, त्यावर प्लास्टर थापा, ते ओलं असतानाच चाकूनं आडव्या रेघा ओढा, वाळलं की काळा रंग पाण्यासारखा पातळ करून सोडा म्हणजे तो भेगांत उतरतो, आणि मातीसाठी चहाचा चोथा वाळवून चाळा. रुळांखालची खडीसुद्धा तपकिरी मिळते, आपल्याकडची काळपट खडी कोणी बघितलीच नाहीये का? एवढे पैसे घेता ना पाकिटाचे, मग एक साधं पळसाचं झाड बनवायला काय जातं तुमचं?