एसीत ब्लीच आणि व्हिनेगर? कृपा करून नको

परवा रात्री रत्नागिरीहून मावशीचा फोन. "अरे, ब्लीच आणलंय. व्हिनेगर पांढरंच लागतं का रे?" मावशीला दमा आहे. माझ्या पोटात गोळाच आला.

तिच्या ग्रुपवर आलेला मेसेज असा: एसीच्या फ्लॅपवर काळे ठिपके दिसले की ती म्युकरची काळी बुरशी. ब्लीच आणि व्हिनेगर समप्रमाणात मिसळा, दारं-खिडक्या लावा, एसी चालू ठेवून आत फवारा, अर्ध्या तासात बुरशी मरते. मेकॅनिकची गरज नाही. एसी २६ अंशांवर ठेवा, बुरशी परत येत नाही. बंद करण्याआधी थोडा वेळ फॅन मोडवर चालवा.

आधी त्या मिश्रणाचं बोलतो. ब्लीच म्हणजे सोडियम हायपोक्लोराइटचं पाणी. व्हिनेगर आम्ल असतं, आणि ब्लीचमध्ये आम्ल पडलं की क्लोरीन वायू सुटतो. पहिल्या महायुद्धात, १९१५ साली बेल्जियममधल्या ईप्रला सैनिकांवर सोडला होता तोच. घरात त्याचं प्रमाण कमी असेल, पण खोली बंद आहे आणि स्प्लिट एसी बाहेरची हवा घेत नाही, खोलीतलीच ओढून परत फेकतो. म्हणजे तो वायू अर्धा तास तोंडावर येत राहणार. धडधाकट माणसाचाही घसा आणि छाती जळते, दमेकऱ्याला दवाखाना गाठावा लागेल. टॉयलेट क्लीनरमध्ये आम्ल असतं, तेही ब्लीचमध्ये मिसळू नका. शिवाय ब्लीचने कॉइलच्या, म्हणजे एसीत हवा गार करणाऱ्या भागाच्या, ॲल्युमिनियमच्या पात्या गंजतात, ते वेगळंच.

बरं, बुरशी मेली असं धरू. अमेरिकेची पर्यावरण संस्था, ईपीए, स्पष्ट सांगते की मेलेल्या बुरशीनेही ॲलर्जी होऊ शकते, म्हणून नुसती मारून भागत नाही, काढावीच लागते. बुरशीसाठी सर्रास ब्लीच वापरू नका, असंही तीच म्हणते.

म्युकरचं तर काहीच्या काही. २०२१ मध्ये 'काळी बुरशी' हे नाव पडलं ते मेलेल्या पेशी काळ्या पडतात म्हणून. ती गाठायची अनियंत्रित मधुमेह असलेल्यांना, स्टेरॉइड घेतलेल्यांना. ठिपक्यांच्या रंगावरून म्युकर ओळखता येत नाही. दम्याला एसीतली साधी बुरशीही वाईटच, एवढं खरं.

२६ अंशांवरही कॉइल खोलीपेक्षा बरीच गार असते, तिच्यावर पाणी धरतंच, आणि ओल आली की बुरशी आलीच. कोकणातल्या पावसाळ्यात तर विचारूच नका.

फॅन मोडचं मात्र बरोबर आहे, मान्य करतो. पंधरा-वीस मिनिटांत कॉइल बरीच सुकते. पण आधीच धरलेला थर त्याने निघत नाही.

तो थर असतो ब्लोअरवर, म्हणजे आतल्या हवा फेकणाऱ्या पंख्यावर, आणि कॉइलचं पाणी जमतं त्या ड्रेन ट्रेमध्ये. जाळी आपण दर पंधरा दिवसांनी धुवावी, पण ब्लोअरपर्यंत आपला हात पोचत नाही. त्याला मेकॅनिकच लागतो.

शनिवारी येतोय तो. मावशीला सांगितलंय, काम चालू असताना तू शेजारच्या काकूंकडे बस, आणि ड्रेन पाइपही साफ करून घे.