हँडब्रेक ढिला झालाय? नटाला हात लावण्याआधी ड्रम उघडा

पावसाळा तोंडावर आला की सोसायट्यांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एक मेसेज हमखास फिरतो. सांगणं असं: हँडब्रेकचा लिव्हर फार वर यायला लागला म्हणजे केबल ताणली गेली, लिव्हरखालचा नट चार फेरे आवळा, दहा मिनिटांत काम फत्ते. केबल अडकत असेल तर स्प्रे मारा, बदललीच तर खराब तेवढी एकच बदला, आणि पावसाळ्यात हँडब्रेक लावूच नका, गाडी गिअरमध्ये ठेवा. शेवटी ‘सगळ्या गाड्यांना हीच पद्धत’.

हे काम घरी करता येतं, त्याबद्दल वाद नाही. वाद आहे तो क्रमाबद्दल. खालचं सगळं मागे ड्रम ब्रेक आणि दोन सीटांच्या मध्ये ओढायचा लिव्हर असलेल्या गाड्यांबद्दल आहे.

‘लिव्हर वर येतो म्हणजे केबल ताणली गेली, नट आवळा.’

बहुतेक वेळा केबल ताणलेली नसतेच. नवी केबल सुरुवातीला थोडी बसते, नंतर फारशी लांबत नाही. झिजतात ते लायनर, म्हणजे ड्रमला आतून दाबून चाक थांबवणारे अस्तर लावलेले तुकडे. लायनर आणि ड्रममधली फट वाढली की ती भरून काढायला लिव्हर जास्त ओढावा लागतो. ही फट कमी ठेवायला ड्रमच्या आत ऑटो अ‍ॅडजस्टर असतो; पण साचलेल्या पाण्यातून आणि खाऱ्या हवेत फिरणाऱ्या गाडीत त्याचे आटे गंजून जाम होतात. लिव्हर वर येतोय तो बहुधा या जाम अ‍ॅडजस्टरमुळे.

अशा वेळी नट आवळला तर काय होतं? मागच्या लायनरला आतून एक लोखंडी पट्टी जोडलेली असते, केबलचं टोक तिच्यात अडकतं. हँडब्रेक सोडल्यावर ही पट्टी मागे येऊन आपल्या टेकूवर पूर्ण बसली पाहिजे. केबल आधीच खेचून ठेवली तर ती अधांतरी राहते. अनेक रचनांमध्ये मग ऑटो अ‍ॅडजस्टर कामच करत नाही, म्हणजे उरलीसुरली दुरुस्तीही बंद. लायनर सतत घासतात, ड्रम तापतो, अ‍ॅव्हरेज पडतं आणि ड्रममधल्या ब्रेक सिलेंडरचे (पेडल दाबल्यावर लायनर बाहेर ढकलणारा भाग) रबर तापून कडक होतात. वर लिव्हर मात्र झकास चौथ्या दात्यावर (ओढताना येणाऱ्या चौथ्या ‘टक’ला) घट्ट! मेसेज पाठवणाऱ्याला तेवढंच दिसतं.

म्हणून सुरुवात चाकाकडून. गाडी सपाट जागी, पहिल्या गिअरमध्ये, पुढच्या दोन्ही चाकांना पुढून-मागून लाकडी ठोकळे. मागच्या चाकांचे नट गाडी जमिनीवर असतानाच सैल करा. हँडब्रेक पूर्ण सोडा, लिव्हरखालचा नट उलटा फिरवून केबल सैल करा, मग गाडी उचलून तिचं वजन पेलणाऱ्या जॅक स्टँडवर घ्या. नुसत्या जॅकवर उभ्या गाडीखाली हातसुद्धा घालू नका. कंपाउंडमधले पेव्हर ब्लॉक खचतात, तेव्हा स्टँडखाली जाड फळी हवीच.

ड्रम निघत नसेल तर त्याच्या तोंडावर आट्यांची दोन भोकं शोधा. बऱ्याच गाड्यांत त्यांत 8 मिमीचे बोल्ट बसतात. ते आलटून पालटून अर्धा-अर्धा फेरा आवळत गेलं की ड्रम सुटतो. कडेवर हातोडा घातला तर बीडाचा टवका उडतो. काही लहान गाड्यांत ड्रममध्येच बेअरिंग असतं आणि मधला मोठा नट काढावा लागतो. त्यासाठी नवा नट आणि टॉर्क पाना आधी आणून ठेवा.

आतली काळी पूड फुंकू नका, हवाही मारू नका. ब्रेक क्लीनर नाहीतर ओला फडका. लायनरचं अस्तर 1 मिमीच्या आसपास आलं असेल तर दोन्ही चाकांचे लायनर बदला. ड्रमचा कमाल व्यास ड्रमवरच कोरलेला असतो, त्यापलीकडे झिजला असेल तर ड्रमही. सिलेंडरच्या रबराची कड हळूच उचलून बघा. आत ओल दिसली तर आधी तो प्रश्न सोडवा, हँडब्रेक नंतर. सगळं ठीक असेल तर अ‍ॅडजस्टर सोडवून साफ करा, आट्यांना ब्रेकसाठीचं उष्णता सोसणारं ग्रीस अगदी नावापुरतं लावा आणि ड्रम चढवताना किंचित घासेल इतकं त्याचं दातेरी चाक फिरवा. दोन्ही ड्रम बसल्यावरच ब्रेक पेडल आठ-दहा वेळा दाबा. ड्रम काढलेला असताना पेडल दाबलंत तर सिलेंडरचे पिस्टन बाहेर येतील.

आता नटाकडे या. आधी लिव्हर पाच-सहा वेळा जोरात ओढून सोडा, मग आवळा. किती दाते हे गाडीच्या मॅन्युअलमध्ये असतं. अनेक छोट्या गाड्यांचं माप 4 ते 9 च्या दरम्यान आहे. आवाज मोजत बसण्यापेक्षा चाकं तपासा: लिव्हर खाली असताना दोन्ही चाकं हाताने मोकळी फिरली पाहिजेत, पूर्ण ओढल्यावर दोन्ही सारखीच जखडली पाहिजेत. लॉक नट असेल तर तो शेवटी घट्ट करा.

‘केबल अडकली तर स्प्रे मारा.’

केबल अडकते ती बहुधा चाकाजवळच्या वळणावर. तिथलं रबर फाटलं की पाणी आत शिरतं, आतली तार गंजून फुगते आणि बाहेरच्या नळीत अडकते. मुंबईत हिंदमाता किंवा मिलन सबवेच्या पाण्यातून अर्धं चाक बुडवून काढलेली गाडी असेल तर इथेच आधी बघा. पातळ स्प्रेने दोन दिवस बरं वाटतं, पण उरलेलं ग्रीस धुऊन जातं आणि ओलसर तारेला धूळ चिकटते. शिवाय फवारा बॅकप्लेटमधून (ड्रममागची न फिरणारी पत्र्याची तबकडी) लायनरवर गेला तर तो ब्रेकच गेला. खात्री करायची तर केबलची दोन्ही टोकं मोकळी करा आणि आतली तार हाताने पुढे-मागे ओढा. खरखरली, अडली किंवा एखादा तंतू तुटून वर आलेला दिसला तर बदला.

बदलणं असं: ड्रम काढून पक्कडीने केबलवरची स्प्रिंग मागे दाबा आणि टोक पट्टीतून सोडवा. बॅकप्लेटला केबल तीन-चार पाकळ्यांच्या क्लिपने अडकलेली असते. त्या एकेक दाबत बसू नका. मापाचा रिंग पाना (बहुधा 12 मिमी) वरून सरकवला की सगळ्या एकदम दबतात आणि केबल बाहेर येते. जुनी केबल काढण्याआधी तिचा मार्ग, प्रत्येक क्लॅम्प आणि तो कुठल्या बाजूला तोंड करून आहे, याचे फोटो काढा. क्लॅम्पचे गंजलेले बोल्ट आदल्या रात्री गंज सोडवणारं तेल टाकून ठेवले तर सहज सुटतात, नाहीतर तुटतात. नवी केबल त्याच मार्गाने न्या: सायलेन्सरपासून लांब, कुठेही पीळ नाही, सस्पेन्शन पूर्ण खाली लोंबतं ठेवलं तरी ताण नाही. आत प्लास्टिकचं अस्तर असलेल्या नव्या केबलमध्ये वरून तेल घालायचं नसतं.

केबल घेताना गाडीचं मॉडेल, वर्ष आणि डावी की उजवी हे सांगा. अनेक गाड्यांत दोन्हींची लांबी वेगळी असते. कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर जुना माल स्वस्तात मिळेल, पण वापरलेली ब्रेक केबल कितीही स्वस्त असो, घेऊ नका. आतला गंज बाहेरून दिसत नाही.

‘खराब तेवढी एकच बदला.’

लिव्हरकडून येणारा ओढा इक्वलायझर नावाची छोटी पट्टी दोन केबलमध्ये वाटते. एक नवी आणि एक जुनी असली की पट्टी तिरकी बसते आणि एक चाक लवकर धरतं, दुसरं उशिरा. गाडीखाली वाकून पट्टी सरळ आहे का बघितलं तरी निम्मं निदान होतं. दोन्ही केबल एकाच वयाच्या, एकाच पाण्यातून गेलेल्या; जोडीनेच बदला.

‘पावसाळ्यात हँडब्रेक लावू नका.’

यात थोडं तथ्य आहे. ओले लायनर रात्रभर ड्रमला दाबलेले राहिले तर चिकटू शकतात. गाडी आठवडेच्या आठवडे उभी राहणार असेल तर सपाट जागी गिअर आणि चाकांना ठोकळे हा योग्य मार्ग आहे. रोजच्या वापरात मात्र घराजवळ आल्यावर शेवटचे शंभरेक मीटर ब्रेक हलका दाबत या, लायनर वाळतात, मग खुशाल हँडब्रेक लावा. उलट डबल पार्किंगमध्ये वॉचमनला ढकलता यावी म्हणून वर्षानुवर्षं न्यूट्रलमध्ये सोडलेल्या गाड्यांचीच केबल न वापरल्याने आधी जाम होते. मलबार हिल किंवा पाली हिलच्या उतारावर नुसत्या गिअरवर गाडी सोडणं तर नकोच: जुन्या इंजिनाचं कॉम्प्रेशन, म्हणजे गिअरमधली गाडी अडवून धरणारा आतला दाब, कमी झालेला असतो, मागून धक्का बसला की गाडी सरकते. मोटार वाहन कायदा 1988 च्या कलम 126 नुसार सार्वजनिक जागी चालकाविना उभ्या गाडीचं इंजिन बंद आणि ब्रेक लावलेला हवा, किंवा ती आपोआप चालू लागणार नाही अशी व्यवस्था हवी.

‘सगळ्या गाड्यांना हीच पद्धत.’

नाही. मागे डिस्क असेल तर काही गाड्यांत डिस्कच्या पोटात छोटा ड्रम असतो. तिथेही आधी आतले लायनर, मग केबल. काहींत केबल थेट कॅलिपरचा (डिस्कवर पॅड दाबणाऱ्या भागाचा) दांडा ओढते. तिथे हँडब्रेक सोडल्यावर दांडा आपल्या टेकूवर पूर्ण परतलाय का ते डोळ्यांनी बघूनच नट फिरवा. आणि लिव्हरच्या जागी बटण असेल, तर मागचे पॅड बदलण्यासाठीसुद्धा हँडब्रेक ओढणारी मोटर आधी सर्व्हिस मोडमध्ये (दुरुस्तीसाठी ती मागे घेणारी अवस्था) न्यावी लागते. पिस्टन जबरदस्तीने मागे दाबला तर मोटर आणि तिचे गिअर जातात, आणि हजारोंचं बिल येतं.